जाड ठोकळ्याचे कातकाम : वस्तू, तंतू आणि शब्दार्थ

१. विषय आणि त्याची मर्यादा

लेथवर बसविण्याजोगा जाड लाकडाचा ठोकळा हाती आला असता त्यापासून कोणती वस्तू करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी कातारी आणि सुतार यांच्या कक्षेतला वाटतो. भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका घेतली जाणेही स्वाभाविक आहे. तथापि भांडी, वाद्ये, बैलगाड्या, खाटा आणि पाळणे यांच्या भागांची जी नावे मराठी कोशांतून आढळतात, त्यांपैकी पुष्कळशी कातलेल्या किंवा कातता येण्याजोग्या वस्तूंची आहेत. ही नावे ज्या भेदांवर उभी आहेत ते भेद लाकडाचा स्वभाव समजल्यावाचून उकलत नाहीत. ‘लाकडी पसरट भांडे’ किंवा ‘चाकाचा मधला भाग’ एवढ्या अर्थाने शब्दाची ओळख पटते. परंतु वस्तू कळत नाही. वस्तू घडविणारे आणि वापरणारे लोक भोवती असतात तोपर्यंत ही उणीव जाणवत नाही. ते दिसेनासे झाले म्हणजे असा अर्थ वाचून वस्तू पुन्हा उभी करणे कोणालाही शक्य होत नाही.

यास्तव प्रस्तुत लेखात दोन गोष्टी एकत्र पाहावयाच्या आहेत. जाड ठोकळ्याला कोणत्या वस्तू मानवतात व का, ही पहिली. आणि अशा वस्तूंच्या नावांची नोंद करताना अभ्यासकाने कोणती माहिती विचारून घ्यावी, ही दुसरी. ‘जाड’ म्हणजे येथे सुमारे ८ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जाडीचे लाकूड समजावे. लाटणे, बाहुली, भोवरा, बुद्धिबळाची प्यादी इत्यादी बारीक कामे वगळली आहेत. कारण त्यांत पुढे वर्णिलेल्या अडचणी फारशा येत नाहीत.

आरंभीच तीन शब्दांचा भेद ध्यानी ठेवणे सोयीचे होईल. झाडाच्या बुंध्याचा किंवा फांदीचा आडवा तोडलेला, सालीसकट गोल राहिलेला तुकडा तो ओंडका. ओंडका करवतीने उभा चिरून, बाजू सारख्या करून जो घन तुकडा निघतो तो ठोकळा. उभे झाड ज्यावर तोललेले असते ते खोड. व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी येतात हे खरे. पण कातकामाच्या दृष्टीने ओंडका आणि ठोकळा यांत मोठे अंतर आहे. ओंडक्याच्या मध्यभागी भेंड असते. नीट चिरलेल्या ठोकळ्यात ते नसते. जाड लाकडाचे बहुतेक अपयश ह्या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्याने येते.

२. ‘कातणे’ ह्या क्रियापदाविषयी

मराठीत सूत कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. संस्कृत धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोन ठिकाणी येतो : एकदा छेदन ह्या अर्थी आणि एकदा वेष्टन, म्हणजे पीळ देणे वा गुंडाळणे, ह्या अर्थी. पहिल्याची रूपे तुदादि गणाप्रमाणे, दुसऱ्याची रुधादि गणाप्रमाणे होतात. प्राकृतात ‘र्त’ ह्या जोडाक्षराचे ‘त्त’ झाले आणि मराठीत ते सुटे होऊन मागील स्वर दीर्घ झाला. कर्तरीपासून कत्तरी व पुढे कातर, हा क्रम सर्वपरिचित आहे. ह्याच नियमाने दोन्ही धातूंची परंपरा मराठीत एकाच ध्वनिरूपाला येऊन मिळाली. कातडे आणि सापाची कात हे शब्द छेदनार्थक धातूच्या गोतावळ्यातले होत. सूत कातणे हे वेष्टनार्थकाच्या. लाकूड कातणे ह्या प्रयोगात मात्र दोन्ही अर्थ प्रत्यक्ष क्रियेत एकत्र आलेले दिसतात : लाकूड फिरते आणि हत्यार ते छेदते.

शेजारच्या भाषांनी येथे वेगळी वाट धरली. हिंदीत ‘कातना’ सुतापुरते राहिले. लाकडासाठी ‘खराद’ हा फारसीतून आलेला शब्द रूढ झाला. त्याचे मूळ अरबीतील ‘खर्रात’ ह्या शब्दापर्यंत जाते, आणि त्या धातूचा मूळ अर्थ डहाळी मुठीतून ओढून तिची पाने वा साल ओरबाडून काढणे असा आहे. गुजरातीत लेथला ‘संघाडो’ किंवा ‘संघेडो’ म्हणतात. लाखेच्या रंगातील कातीव लाकूडसामानासाठी विख्यात असलेल्या संखेडा गावाचे नाव लोकव्युत्पत्ती ह्याच शब्दाशी जोडते. ग्रीकमधील ‘तोर्नोस’ हे कातकामाच्या साधनाचे नाव लॅटिनमार्गे युरोपात पसरले आणि इंग्रजीतील ‘टर्न’ हे वळण्याच्या अर्थाचे सर्वसामान्य क्रियापद त्यातून निघाले. इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ ह्या काळात सिद्ध करणाऱ्या राल्फ लिली टर्नर यांच्या आडनावाचा अर्थही ‘कातारी’ असाच आहे, हा योगायोग कोशकारांना गमतीचा वाटावा.

संस्कृत वाङ्मयात ह्या यंत्राला ‘भ्रम’ किंवा ‘चक्रभ्रम’ अशी नावे आहेत. त्वष्ट्याने सूर्याला यंत्रावर चढवून त्याचे तेज तासले, ही पुराणकथा प्रसिद्ध आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात अवंतीच्या राजाचे वर्णन करताना तिचाच आधार घेतला आहे. तेथे घासून उजळण्यासाठी ‘उल्लिख्’ हे क्रियापद योजलेले आहे. आज ज्याला ‘उल्लेख’ म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी हे ओरखडणे आहे. मराठीत ‘कातीव’ हे विशेषण चेहऱ्याला, शिल्पाला आणि शब्दरचनेलाही लावले जाते. मूळची वस्तू न पाहिलेला वाचकही त्याचा अर्थ जाणतो. लक्षणेने शब्द टिकला. वाच्यार्थ मात्र दुरावत चालला आहे.

३. जाड लाकूड का तडकते

नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी निघून जाते. त्याने वजन घटते, आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी शिल्लक राहिले म्हणजे पेशींच्या भिंतींतले पाणी सुटू लागते, आणि तेथून पुढे लाकूड आकसते. हे आकसणे तिन्ही दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य, म्हणजे एक टक्क्याचाही लहान अंश असते. भेंडापासून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने ते मध्यम असते. वार्षिक वलयांना धरून, म्हणजे परिघाच्या दिशेने, ते सर्वांत जास्त, बहुतेक जातींत त्रिज्येच्या सुमारे दुप्पट असते. सागवान स्थिर लाकूड म्हणून नावाजलेले आहे. तरीही पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंत ते त्रिज्येच्या दिशेने सुमारे २·५ टक्के आणि परिघाच्या दिशेने सुमारे ५·८ टक्के आकसते.

ह्या दोन आकड्यांचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. २० सेंटिमीटर व्यासाचा सागवानी ओंडका घेतल्यास त्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर भरेल. त्रिज्या २·५ टक्क्यांनी घटली तर परीघही तितकाच घटावयास हवा. परंतु परिघावरचे लाकूड ५·८ टक्के आकसू पाहते. ह्या ३·३ टक्क्यांच्या फरकाने परिघावर सुमारे २ सेंटिमीटर लाकूड कमी पडते. हवेत वाळलेल्या लाकडात ही तूट त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक असते; पण असते खचित. ती भरून निघण्यास मार्ग एकच : ओंडका सालीपासून भेंडापर्यंत फाटतो. भेंडासह घेतलेली लाकडाची गोल चकती वाळताना तडकते, त्यात कारागिराचा हलगर्जीपणा नसतो; ते भूमितीचे फल होय. उलट तोच ओंडका भेंडातून उभा चिरून दोन भाग केले, तर प्रत्येक भागाला मिटण्यास जागा मिळते. त्याची सपाट बाजू किंचित फुगीर होते, आकार बदलतो, पण तो फाटण्याचे कारण पुष्कळसे नाहीसे होते.

दुसरी अडचण जाडीचीच आहे. पाणी आतून बाहेर येण्यास लागणारा काळ तत्त्वतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर काळ चौपट लागतो. दरम्यान बाहेरचा थर वाळून आकसू पाहतो आणि आतला ओला गाभा त्याला आकसू देत नाही. त्यामुळे पृष्ठभागावर चिरा पडतात. तंतूंच्या कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निसटते, म्हणून चिरांचा आरंभ टोकांपाशी होतो. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण, रंग किंवा शेणकाल्याचा लेप देण्याची रीत ह्या कारणाने पडली. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा यांच्या हवेत इतके अंतर आहे की एका ठिकाणी ‘वाळलेला’ ठोकळा दुसऱ्या ठिकाणी तसा राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

सारांश, जाड ठोकळ्याबाबत आकार सुचण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लागतात : भेंड कोठे आहे, वस्तूचा फिरण्याचा अक्ष तंतूंना समांतर की आडवा, आणि उरलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडणार. परंपरेने टिकून राहिलेल्या वस्तूंकडे ह्या दृष्टीने पाहिले असता त्यांचे तीन वर्ग पडतात.

४. वस्तूंचे तीन वर्ग

(अ) अक्ष तंतूंना समांतर; वस्तू भरीव. खाटेचे आणि पाळण्याचे पाय, दिव्याची बैठक, कठड्याचे जाड दांडे, मुसळ व गाडीच्या चाकाचा तुंबा ह्या वर्गात येतात. ८ ते १० सेंटिमीटर चौरस आणि हातभर लांब असा भेंडविरहित ठोकळा खाटेच्या पायासाठी सर्वांत योग्य. पायाचा जो भाग आडव्या दांड्यांच्या खाचांसाठी लागतो तो पूर्ण जाडीचा ठेवावयाचा आणि मधला भाग कातून बारीक करावयाचा, अशी ह्या वस्तूची रचना असते. जाडी शोभेसाठी ठेवलेली नसून खाचेभोवती पुरेसे लाकूड राहावे म्हणून ठेवलेली असते. शोभा त्या गरजेतून निघते. पाय लाखेने रंगवावयाचा असल्यास तो लेथवर असतानाच रंगवितात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पृष्ठावर पसरते. संखेड्याला नंतर केवड्याच्या पानाने तिला झळाळी देतात. ओल्या लाकडावर ही लाख टिकत नाही. म्हणून येथे पूर्ण वाळलेला ठोकळाच हवा.

तुंब्याचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. चाकाचे आरे ज्याच्यात रोवले जातात तो हा मधला जाड भाग. बाभळीसारखे चिवट लाकूड त्यासाठी पसंत केले जाई. तुंब्याच्या मधोमध आस जाण्यासाठी आरपार भोक असते. त्यामुळे ओंडक्याचे भेंड त्या भोकातच निघून जाते. राहिलेले कडे आतून व बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी वाळते. तरीही आऱ्यांच्या खाचांमुळे ते दुबळे होते, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी कडी चढवितात. भेंडासह ओंडका वापरण्याची मुभा जेथे आहे अशा मोजक्या वस्तूंपैकी ही एक होय. तुंबा हा शब्द मराठीत भोपळ्यासाठीही आहे. मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळता असा जो आकार दोहोंत समान आहे, तो एकदा लेथवर पाहिला म्हणजे हे नामसाम्य समजण्यास अडचण पडत नाही. रबरी टायरच्या गाड्या रूढ झाल्यावर तुंबा करण्याची गरज सरली. पण त्यामागचे तत्त्व आजही उपयोगी आहे. ज्याच्या अक्षातून विजेची तार न्यावयाची अशी दिव्याची जाड बैठक करताना हेच तत्त्व वापरता येते : आधी आरपार भोक, मग वाळवण, शेवटी कातकाम.

(आ) अक्ष तंतूंना समांतर, वस्तू पोकळ. ह्या वर्गात तबला, पखवाज, कुंकवाचा करंडा, झाकणाचा डबा, पेला आणि लहान खल यांचा समावेश होतो. तबल्याच्या उजव्या नगाची लाकडी काया सुमारे २५ सेंटिमीटर उंच असते आणि तिचे तोंड १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाचे असते. ती वरून पोखरतात व बुडाचा भाग भरीव ठेवतात. ह्या भरीव भागामुळे वाद्याला वजन येते आणि ते बैठकीवर स्थिर राहते. शिसव, खैर, बिबळा यांसारख्या जड लाकडाचे मध्यकाष्ठ त्यासाठी निवडतात. ह्या कायेला वादक आणि कारागीर ‘खोड’ म्हणतात. हा शब्द नपुंसकलिंगी आहे. सवयीच्या अर्थाच्या स्त्रीलिंगी ‘खोड’ शब्दाशी त्याचा घोटाळा करू नये. तबल्याच्या खोडातील तंतू झाडाच्या खोडातल्याप्रमाणेच उभे असतात. झाड जसे उभे होते तसेच लाकूड वाद्यात उभे राहते. त्यामुळे पोखरल्यावर भोवतालची भिंत सर्व बाजूंनी सारखीच वागते आणि तोंड बऱ्याच अंशी गोल राहते. वादीचा ताण चोहीकडून सारखा बसावा लागतो अशा वाद्याला तोंड लंबगोल होऊन चालले नसते. तेव्हा तंतूंची ही दिशा आवश्यकच होय.

करंड्याचे तसेच आहे. झाकण आणि पेटी एकाच ठोकळ्यातून, तंतूंची दिशा जुळवून काढली तर दोन्ही सारखी आकसतात आणि झाकण अडकत नाही. मात्र बुडाचा धोका लक्षात ठेवला पाहिजे. उभ्या तंतूंच्या भांड्याचे बूड म्हणजे तंतूंच्या कापलेल्या टोकांचा थर. त्यात भेंड राहिले तर चीर तेथूनच पडते. आणि लाकूड सच्छिद्र असेल तर पाणी नळ्यांतून झिरपावे तसे बुडातून पाझरते. म्हणून पाणी राहावयाच्या भांड्याचे बूड जाड ठेवावे. बिबळ्याच्या लाकडाचे कातीव पेले बाजारात मिळतात. त्यांत रात्रभर ठेवलेले पाणी तपकिरी होते आणि लोकवैद्यकात ते औषधी मानले जाते. अशा पेल्याची जाड भिंत व जाड बूड पाहून ते ओबडधोबड काम आहे असे वाटते. वस्तुतः ती जाडी निरर्थक नसते. खलाच्या बाबतीत मात्र उभे तंतू हाच गुण ठरतो. तंतूंच्या टोकांवर पडणारा आघात लाकूड सोसते. आडव्या तंतूंवर तोच आघात पडला तर ढलप्या निघतात.

(इ) अक्ष तंतूंना आडवा, वस्तू पोकळ. काठवट, परात आणि वाडगे ह्या वर्गातले. काठवट कोठे वाकसाने तासून, कोठे कातून करीत; भाकरीचे पीठ मळण्यासाठी तिचा उपयोग. तिच्यासाठी २० ते ३५ सेंटिमीटर व्यासाचा ओंडका भेंडातून उभा चिरून अर्धा घ्यावा आणि भेंडाकडचा दोन बोटे रुंद भाग काढून टाकावा. आंबा आणि फणस ही लाकडे सोयीची. अन्न ठेवावयाच्या भांड्याला उग्र वासाचे वा रंग सोडणारे लाकूड निषिद्ध समजावे.

येथे ओले लाकूडच आधी कातणे श्रेयस्कर. जाड ठोकळा वर्षानुवर्षे वाळत ठेवून चिरा पडण्याची वाट पाहण्यापेक्षा तो ओला असतानाच बाहेरून व आतून कातून भांड्याचा कच्चा आकार काढावा, भिंतीची जाडी व्यासाच्या एकदशांश ठेवावी, आणि ते कच्चे भांडे त्याच लाकडाच्या कातणात पुरून किंवा कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवावे. त्याचे वजन दर आठवड्यास करावे. वजन घटायचे थांबले म्हणजे ते वाळले. मग पुन्हा लेथवर चढवून अखेरचे कातकाम करावे. एकदशांश हे प्रमाण लहरीने ठरलेले नाही. ३० सेंटिमीटर व्यासाचे भांडे तंतूंच्या दिशेने जवळजवळ तेवढेच राहते. आडव्या दिशेने ते दीड सेंटिमीटराच्या आसपास आकसून लंबगोल होते. तीन सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून हा लंबगोल पुन्हा गोल करून घेता येतो आणि तरीही पुरेसे लाकूड उरते. भिंत पातळ ठेवली तर गोल साधत नाही. फार जाड ठेवली तर ती ठोकळ्याप्रमाणेच तडकते.

तिन्ही वर्गांत हत्यार चालविण्याची दिशाही निरनिराळी असते. पहिल्या वर्गात पटाशी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरते. दुसऱ्यात आतून पोखरताना ती मध्यापासून काठाकडे सरकते. तिसऱ्यात बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून बुडाकडे जाते. चारही ठिकाणी सूत्र एकच : कापल्या जाणाऱ्या तंतूला मागून दुसऱ्या तंतूचा आधार असला पाहिजे, एरव्ही तो कापला न जाता उखडतो.

जाड ठोकळ्याचे काय करू नये, हेही ह्या विवेचनातून निघते. पोळपाट हा पसरट असल्याने तो जाड ठोकळ्यातून कातणे अपव्ययाचे. ठोकळ्याच्या फळ्या पाडून त्या वाळवून घ्याव्यात. भेंडासह अखंड गोळा किंवा चकती करण्याचा मोह टाळावा. आणि पूर्ण वाळलेल्या जाड ठोकळ्यातून वाडगे कातण्यापेक्षा त्याचा खाटेचा पाय किंवा खोड करणे अधिक शहाणपणाचे. कारण तसा ठोकळा दुर्मिळ असतो आणि वाडग्याला त्याची गरज नसते.

५. यंत्रातील बदल

कातकामाचे सर्वांत जुने स्पष्ट चित्र इजिप्तमधील पेटोसिरिसच्या समाधीवर, इ. स. पू. ३०० च्या सुमाराचे, आढळते. तेथे एक मनुष्य पट्टा आळीपाळीने ओढतो आणि दुसरा हत्यार धरतो. भारतातही कमानीच्या किंवा पट्ट्याच्या साधनावर जमिनीवर बसून काम करण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. अशा साधनात लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरते. हत्यार पुढच्या फेऱ्यातच लागते. बारीक काम एकट्याला करता येई. जाड ठोकळ्याला पट्टा ओढणारा दुसरा माणूस लागे. विजेच्या मोटारीने लाकूड अखंड एका दिशेने फिरू लागले आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली.

ह्या सोयीबरोबर एक धोका आला. ३० सेंटिमीटर व्यासाचा व १२ सेंटिमीटर जाडीचा ओला ठोकळा ८ किलोग्रॅमच्या घरात भरतो. तो मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरविला तर त्याच्या काठाचा वेग ताशी ५५ किलोमीटरांहून अधिक होतो. ठोकळा तोललेला नसेल किंवा त्यात न दिसलेली चीर असेल तर तो निसटून कातणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून कोपरे आधी करवतीने उडवून तो शक्य तितका गोल करावा, मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांवर आरंभ करावा, तोल आल्यावरच वेग वाढवावा, आणि तोंडावर संरक्षक जाळी व नाकावर फडके असल्यावाचून काम करू नये. सागासारख्या लाकडाची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते.

६. नोंदीची पद्धत

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ ह्या काळात सिद्ध झाला. ह्या थोर ग्रंथांनी कारागिरांचे असंख्य शब्द वाचविले. त्या वेळी वस्तू घरोघरी होत्या. म्हणून अर्थ थोडक्यात देणे पुरेसे होते. आज त्याच शब्दांचा अर्थ देताना वस्तूचे वर्णन नव्याने भरावे लागेल.

काठवटीचे उदाहरण घेऊ. ‘पीठ मळण्याचे लाकडी पसरट भांडे’ ही व्याख्या खरी आहे, पण ती लाकडी परातीलाही लागू पडते. ‘अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यातून, भेंड वगळून, आडव्या तंतूंचे, तासून वा कातून केलेले जाड बुडाचे पसरट भांडे, भाकरीचे पीठ मळण्यासाठी’ अशी व्याख्या दिली तर वाचणाऱ्याला वस्तू करता येईल. तबल्याच्या ‘खोड’ ह्या अर्थाची नोंद करताना ‘उभ्या तंतूंचे’ हे दोन शब्द घातले की झाडाच्या खोडाशी असलेला त्याचा संबंध आपोआप उजेडात येतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी हा विषय सहज घेता येईल. सावंतवाडीतील लाकडी फळांचे व खेळण्यांचे कारागीर, तबल्याची खोडे कातणारे, जुन्या गाड्यांचे सुतार यांच्याकडे जाताना प्रत्येक वस्तूबाबत सहा गोष्टी विचाराव्यात : लाकडाची जात, ते ओले की वाळलेले, भेंडाचे काय करतात, अक्ष तंतूंना समांतर की आडवा, प्रत्येक भागाचे व प्रत्येक टप्प्याचे नाव, आणि त्या टप्प्याला लागणारे क्रियापद. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नामे विचारली तर मिळतात. तासणे, पोखरणे, घोटणे, उतरविणे यांसारखी क्रियापदे मात्र काम चालू असतानाच, न विचारता, ऐकू येतात. त्यामुळे शब्दयादी हाती देऊन उत्तरे भरून घेण्यापेक्षा एक वस्तू ओंडक्यापासून अखेरपर्यंत होताना पाहणे अधिक फलदायी ठरेल. शक्य असल्यास विद्यार्थ्याने स्वतः एक वाडगे कातावे. पटाशी कोणत्या दिशेने न्यावी हे हाताला कळले म्हणजे कारागिराचे अर्धवट वाक्यही समजू लागते.

परिभाषेच्या दृष्टीनेही हे काम निकडीचे आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून मराठीत तांत्रिक शब्दांची जी घडण झाली, तिच्यात संस्कृतावरून नवे शब्द सिद्ध करण्याकडे कल राहिला. ‘लेथ’ हा शब्द सर्वांच्या तोंडी रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. परंतु ओंडका, ठोकळा, खोड, तुंबा, भेंड हे शब्द कारागिरांच्या वापरातून आलेले, अर्थाने नेमके आणि उच्चाराला सुलभ आहेत. नवा शब्द घडविण्यापूर्वी त्यांची चौकशी झाली पाहिजे. ती करण्यास अजून अवसर आहे. कारण हे शब्द जाणणारी माणसे अद्याप काम करीत आहेत.